हौदा उतरवला, बर्फ गाठला!

दोन स्नोमोबिल, एक पिकअप आणि फेब्रुवारीतला लाँग वीकएण्ड. गणित सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. गाड्या मागे टाकायच्या, दोऱ्या आवळायच्या आणि निघायचं. कॅल्गरीत नोकरीला येऊन मला दोन हिवाळे झाले होते. तिसऱ्या हिवाळ्यात ऑफिसमधल्या शेजाऱ्याने, म्हणजे ज्याचं क्युबिकल माझ्या क्युबिकलला चिकटून आहे त्याने, मला त्याच्या जुन्या स्नोमोबिलचा पार्टनर करून घेतलं. तेव्हा कळलं की बर्फावर मजा करण्याआधी वेल्डिंगच्या दुकानात दिवस घालवावे लागतात.

ज्यांनी गुलमर्गला जाऊन चक्कर मारली असेल त्यांना हे प्रकरण ठाऊक आहे. पुढे दोन स्की, मागे चाकांऐवजी दातेरी रबरी पट्टा, आणि हँडल स्कूटरसारखं. याचं श्रेय मोठ्या प्रमाणात जोसेफ-आर्मांड बम्बार्डिअर या क्युबेकच्या मेकॅनिकला जातं. १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद होते, हॉस्पिटल गाठता आलं नाही, आणि त्याचा लहान मुलगा दगावला. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचे प्रयोग तो आधीपासून करत होता. १९३७ मध्ये त्याला पट्ट्याच्या गाडीचं पेटंट मिळालं आणि १९५९ मध्ये बाजारात आली ‘स्की-डू’. नाव ओळखीचं वाटतंय? बरोबर! २०१५ मध्ये पश्चिम रेल्वेवर आलेल्या ज्या नव्या लोकलला मुंबईकर ‘बम्बार्डिअर’ म्हणू लागले, त्या लोकलची विजेची यंत्रणा याच माणसाने सुरू केलेल्या कंपनीची. अंधेरीला दारात लटकणाऱ्याला तरी कुठे माहीत होतं!

तर मुद्दा असा की कॅल्गरीत बर्फ आहे, पण डोंगरातला तो खोल, मऊ, कमरेपर्यंतचा बर्फ नाही. तासाभरावर बॅन्फ आहे, पण नॅशनल पार्कमध्ये मजेसाठी स्नोमोबिल फिरवायला बंदी. म्हणून पार्क ओलांडून पलीकडे ब्रिटिश कोलंबियात रेव्हलस्टोकला जायचं. अंतर चारशे किलोमीटरच्या वर, वाटेत घाट. मागे ट्रेलर जोडून जाणारे पुष्कळ आहेत, पण बर्फाळ उतारावर ट्रेलरचं शेपूट घसरायला लागलं की ड्रायव्हरच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून इकडचे लोक मशिन पिकअपवरच चढवतात.

अडचण इथेच सुरू होते. पिकअपच्या हौद्यात चाकांच्या कमानींमध्ये जागा जेमतेम चार फुटांची. एक स्नोमोबिलही जवळजवळ चार फूट रुंद. म्हणजे दुसरी कुठे ठेवणार, डोक्यावर? अक्षरशः तसंच करतात. हौद्याच्या कडांवर एक सपाट मंच बसवतात आणि त्यावर दोन्ही मशिन शेजारी-शेजारी उभी करतात. शेजाऱ्याकडे असाच मंच होता. पण त्यामुळे पाचशे किलो वजन छातीच्या उंचीवर जातं. आदल्या वर्षी वाऱ्याच्या एका झोताने गाडी शेजारच्या लेनमध्ये ढकलली, आणि समोरून ट्रक येत होता. त्यातून तो वाचला, पण त्या रात्री बायकोने ठणकावलं, एक तर गाडी बदल नाहीतर छंद. त्याने हौदा बदलायचं ठरवलं.

रेड डिअर हे गाव कॅल्गरी आणि एडमंटनच्या बरोबर मध्ये. तेलविहिरींच्या कामांवर इथली वर्कशॉप चालतात आणि अधूनमधून असली हौशी कामंही करतात. आम्ही गेलो ते वर्कशॉप पन्नाशीच्या एका बाई चालवत होत्या. बाहेर उणे वीस, आत ग्राइंडरच्या ठिणग्या, आणि तो जळक्या लोखंडाचा वास. मी दारातच थबकलो.

खरं सांगायचं तर तो वास माझ्या लहानपणाचा. कराडला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ट्रकच्या बॉडी बांधायचं शेड होतं. उसाच्या ट्रकचे हौदे, फाळके, टेम्पोचे पिंजरे. मी इंजिनिअर झालो तेव्हा त्यांना वाटलं होतं की शेड वाढेल. मी कॅम्पस इंटरव्ह्यू देऊन पुणे गाठलं. पुढे कंपन्याच तयार हौदा बसवून गाड्या द्यायला लागल्या, आणि २०१९ मध्ये अण्णांनी शटर ओढलं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. दर रविवारी फोन व्हायचा. हवा कशी, जेवलास का, ठेवतो.

इकडे बाईंनी कामाला सुरुवात केली होती. आधी मागचे दिवे आणि वायरिंग सोडवलं, मग डिझेल भरायच्या नळीचं तोंड सुटं केलं. शेवटी बोल्ट. गंज इतका की दोन तर कापूनच काढावे लागले. रस्त्यावर टाकलेलं मीठ बर्फ वितळवतं आणि गाड्याही. मग चौघांनी हौदा अलगद उचलून बाजूला ठेवला. उघडी चेसिस दिसली आणि तो दणकट पिकअप एकदम केविलवाणा वाटायला लागला, न्हाव्याच्या खुर्चीतून उठलेल्या माणसासारखा.

नवा हौदा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा सपाट मंच, साडेआठ फूट लांब. मशिनचं शेपूट थोडं बाहेर राहिलं तरी चालतं. रुंदी मात्र कायद्याच्या आत हवी. कॅनडात २.६ मीटरपेक्षा रुंद गाडी खास परवान्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. लोखंडी मंच स्वस्त पडला असता, पण तो जवळजवळ दुप्पट जड. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर गाडी किती वजन वाहू शकते ते लिहिलेलं असतं. त्यातून मंच वजा, मशिन वजा, पेट्रोलचे कॅन वजा, माणसं वजा, आणि जे उरेल त्यात तुमचे सँडविच. शेजाऱ्याने हे सगळं एक्सेलमध्ये बसवलं होतं. आयटीवाला तो आयटीवालाच!

सगळ्यात वेळ गेला तो चेसिस आणि मंच यांच्या मधल्या फ्रेमवर. चेसिसला वेल्डिंग करायचं नाही, नवी भोकं पाडायची नाहीत, ब्रॅकेट जुन्याच भोकांत बसवायचे. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाला थेट टेकवायचं नाही, कारण मिठाचं पाणी मध्ये शिरलं की अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतं. म्हणून मध्ये रबराची पट्टी. मी बघत होतो आणि मला आठवत होती चेसिसवर ठोकलेली बाभळीची पट्टी.

सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे कराडात रात्रीचे साडेदहा. रविवार नव्हता. तरी मी व्हिडिओ कॉल लावला.

‘‘काय रं, बरं आहे ना?’’ अण्णा घाबरलेच. वेळी-अवेळी आलेला फोन म्हणजे वाईटच बातमी, असं त्यांच्या पिढीचं गणित.

मी काही न बोलता कॅमेरा चेसिसकडे वळवला. दोन मिनिटं शांतता. मग म्हणाले, ‘‘जवळ घे. अजून जवळ. केबिनच्या मागं बघू.’’

‘‘काय बघायचंय अण्णा?’’

‘‘फ्रेमचं पुढचं टोक. चौकोनी ठेवलंय का तिरकं कापलंय? चौकोनी ठेवलं तर सगळा दणका एकाच जागी बसतो, चेसिस तिथंच चिरते. त्यांना विचार.’’

मी बाईंना विचारलं. त्यांनी एक शब्द न बोलता माझ्या हातातून फोन घेतला, गाडीखाली सरकल्या आणि टॉर्च मारला. टोक तिरकं, कापलेली कड ग्राइंडरने गुळगुळीत केलेली. अण्णा बघत राहिले. ‘‘बाईंना काम येतंय,’’ म्हणाले. मी भाषांतर केलं. बाईंनी विचारलं की तुझे वडील काय करतात, आणि मी ‘हेच’ असं म्हणालो. ‘करायचे’ म्हणायला हवं होतं.

त्यानंतर चाळीस मिनिटं ते दोघं बोलले. मी फक्त दुभाषा. ऊस किती टन भरायचे हे ऐकून बाई हसत सुटल्या. स्नोमोबिल चार लाकडी ओंडक्यांइतकीच जड आहे हे ऐकून अण्णा म्हणाले, एवढ्यासाठी एवढा खटाटोप?

मंचाला जागोजागी भोकं पाडली, बर्फ खाली पडावा म्हणून. स्कीखाली कार्बाइडच्या धारदार पट्ट्या असतात, त्यांनी पत्रा ओरबाडू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवल्या. केबिनमागे मजबूत जाळी, कारण रॅम्पवरून चढताना एक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला तर मशिन मागच्या काचेतून थेट तुमच्या सीटवर! मशिन नाकपुढे चढवायची. इंजिन पुढे असतं, त्यामुळे वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे राहतं.

शनिवारी पहाटे निघालो. बॅन्फ, लेक लुईस, किकिंग हॉर्सचा घाट. गाडी जमिनीला धरून चालत होती, आणि शेजारी प्रत्येक वळणावर माझ्याकडे बघून हसत होता. गोल्डनला कॉफीसाठी थांबलो तेव्हा मागे गेलो आणि पोटात गोळाच आला. मागचे दिवे दिसतच नव्हते! सगळे बर्फाने थापलेले. जुने बल्ब गरम होऊन बर्फ वितळवायचे. नवे एलईडी थंडच राहतात. पन्नास लाखांच्या गाडीचे दिवे मी स्वेटरच्या बाहीने पुसले आणि पुढे प्रत्येक थांब्यावर तेच केलं.

मग रॉजर्स पास, १,३३० मीटर. १९६२ मध्ये हायवे इथून सुरू झाला. १९१० मध्ये याच खिंडीत हिमकडा कोसळून पन्नासहून जास्त रेल्वे कामगार गेले. आजही इथे सैन्याचे तोफखानेवाले १०५ मिलिमीटरच्या तोफांनी डोंगरावरचा बर्फ मुद्दाम खाली पाडतात, आणि तेवढा वेळ हायवे बंद. आम्ही तासभर रांगेत अडकलो. कुठूनसा एक दबका आवाज आला, आणि गाडीत कोणी बोललं नाही. तिघांच्याही जॅकेटखाली ट्रान्सीव्हर होते, गाडलं गेल्यावर सोबत्यांना शोधता यावं म्हणून. त्याचा कोर्स केल्याशिवाय शेजारी कुणाला डोंगरावर नेत नाही. तुम्हीही जाऊ नका.

रेव्हलस्टोकजवळच्या माउंट कोपलँडवर १९७१-७२ च्या हिवाळ्यात २४ मीटरहून जास्त बर्फ पडला होता. पार्किंगमध्ये रॅम्प काढायची गरजच पडली नाही. रस्त्याकडेला साचलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्याला गाडी रिव्हर्समध्ये भिडवली, आणि मशिन सरळ मागे उतरवलं. तिथे सगळे हेच करतात. पुढचे पाच तास कसे गेले ते विचारू नका. मी सात वेळा रुतलो, सात वेळा खोदून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी दंड उचलता येईना.

संध्याकाळी नेटवर्क आलं तेव्हा अण्णांचा मेसेज होता. एक फोटो, कंपासपेटीतल्या पेन्सिलीने वहीच्या कागदावर काढलेला. मंचाच्या मागच्या कडेला एक वाकवलेली पट्टी, दिव्यांच्या वर छज्जासारखी. गोल्डनहून मी त्यांना दिव्यांचं सांगितलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘दीड इंच बाहेर काढ. बाईंना दाखव.’

सोमवारी परत येताना आम्ही रेड डिअरचा फेरा घेतला. सुट्टी होती, पण बाई दुकानातच होत्या. त्यांनी कागद मोठा करून बघितला, डोकं खाजवलं आणि म्हणाल्या, दीड नाही, दोन इंच. ते मी अजून कराडला कळवलेलं नाही.