पेठेतला सागवानी दरवाजा

मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पाहून परतणारे प्रवासी बहुधा कृष्णेचा घाट आणि तेथील घंटा यांचीच छायाचित्रे दाखवतात. वास्तविक या परिसरातील जुने लाकूडकामही तितकेच पाहण्याजोगे आहे. जवळच वाईच्या पेठेत आमच्या वडिलोपार्जित घराचा सागवानी दरवाजा आहे. तोंड पश्चिमेला, त्यामुळे चार महिने पावसाचा मारा आणि एरवी दुपारचे ऊन.

तो विकावा की राखावा, हा प्रश्न आम्हा तिघा भावांपुढे उभा राहिला. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी रोख रक्कम देण्यास तयार होता. घसारा लावता लावता पुस्तकी किंमत केव्हाच शून्य झालेली. धाकट्या बंधूंचा विक्रीचा आग्रह व्यवहाराला धरूनच होता. वृद्ध सुताराने मात्र पटाशीने एक कोपरा हलकेच खरवडला. राखाडी थर जेमतेम कागदाइतका, खाली सोनेरी लाकूड! उन्हातील अतिनील किरणांनी लाकडाचे तंतू बांधणारा लिग्निन हा घटक विघटित होतो, पाऊस तो धुऊन नेतो. जर्जरता दिसते ती वरवरची.

विक्री थांबली. कॉस्टिक सोड्याने जुना रंग झटपट निघतो, पण साग काळवंडतो. म्हणून हातानेच काम चालले. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा धूळ उडू नये यासाठी रंग ओला करून खरवडला. लाकूड पूर्ण वाळल्यावर ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने फिरवला. गणेशपट्टीवरील कमळांना केवळ ब्रश लावला. घासून कोरीव काम बोथट होते.

स्पिरिट पॉलिशचा विषय निघताच वहिनींनी हरकत घेतली. चपडा लाख ही कीटकांच्या स्रावापासून होते आणि ती काढताना असंख्य जीव मरतात. मधमाश्यांचे मेणही त्यांना नको होते. शिवाय लाखेचे पॉलिश पाण्याने पांढरे पडते, म्हणजे आमच्या पावसात ते निरुपयोगीच. अखेर जवसाचे तेल टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून तीन हात दिले. प्रत्येक वेळी न मुरलेले तेल पुसून घेतले आणि मधे पुरते वाळू दिले. तेलाची फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेतात. ती पाण्यात बुडवून ठेवली.

कडीजवळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी खळगा पडला आहे. सुतार तो भरणार होता. “तो तसाच राहू द्या,” धाकटे बंधू म्हणाले.

खर्चाचे तीन समान भाग झाले. दर वैशाखात तेलाचा एक हात देण्याचे काम त्यांनी स्वतःकडे मागून घेतले आहे.