विरजणाची वाटी

दही कितीही गोड लागो, पातेल्याच्या तळाशी चमचाभर उरलेच पाहिजे, असा आमच्या घरचा दंडक आहे. विरजण संपले तर शेजारून आणू, असे मी एकदा म्हणालो, तर आई म्हणाली, "आन् शेजारचंबी संपलं तर?"

आमच्या खानदेशातले विजेचे मोठे घर म्हणजे भुसावळजवळचे दीपनगर. नाव कसे नेमके पडले आहे पाहा! तिथला ५०० मेगावॉटचा एकच संच भर जोमाने चालला, तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा गिळतो. पऱ्हाट्या चुलीत घातल्या तरी पुढल्या पावसाळ्यात शेतात कपाशी पुन्हा उभी राहते. कोळशाचे तसे नाही. तो व्हायला कोट्यवधी वर्षे लागली, आणि थोडा राखून ठेवला तरी कोळशाने कोळसा विरजत नाही.

अणूची गोष्ट मात्र थेट आईच्या पातेल्यातली आहे. खाणीतल्या युरेनियमच्या शंभर भागांत सहज फुटणारा भाग जेमतेम ०.७. ते विरजण, बाकीचे नुसते दूध. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतले थोरियम हेही दूधच, आणि ते आपल्याकडे भरपूर आहे; पण एकटे ते पेटत नाही. होमी भाभांनी १९५०च्या दशकात तीन टप्प्यांची योजना मांडली, ती हीच: आधी साध्या भट्ट्यांतून प्लुटोनियमचे विरजण साठवायचे, मग ते वाढवायचे, आणि शेवटी त्यावर थोरियम लावायचे.

आईचा प्रश्न तारापूरला खराही ठरला. १९६९ साली तिथे वीज सुरू झाली ती अमेरिकेच्या इंधनावर. १९७४ साली पोखरणला स्फोट झाला आणि शेजारणीचा हात आखडला. पुढे १९८२ साली फ्रान्सने वाटी दिली.

विरजण वाढवणारी भट्टी कल्पाक्कमला आहे. काम २००४ साली सुरू झाले; गाभा भरण्याचा मुहूर्त लागला २०२४ साली! या भट्टीत पाण्याऐवजी पातळ सोडियम खेळवतात, आणि त्याला हवा लागली की ते पेटते. जपानने आपली अशी भट्टी बंद केली, फ्रान्सनेही केली; रशियाची १९८० पासून चालू आहे. मी रशियाकडे पाहून धीर धरतो. साक्रीला सूर्यावर वीज होते, तिचे मला कौतुकच आहे. पण रात्रीच्या पाळीला विहिरीवर मोटर लावायला जाणाऱ्या शेतकऱ्याला सूर्याचे काय सांगावे?

एक बोच तरी राहतेच. दही आंबले तर कढी होते. अणूच्या पंगतीतले उष्टे हजारो वर्षे विखारी राहते. तारापूरला ते काचेत ओतून बंद करतात. ती काच कायमची कोणाच्या अंगणात पुरायची, हे मात्र वाढणाऱ्यांनी अजून सांगितलेले नाही.