नळाचे पाणी आणि तापाची गोळी

पावसाळा लागला की आमच्या वस्तीत टायफॉईड ठरलेलाच. कुठल्या ना कुठल्या घरात एखादे पोर अंथरुणाला खिळलेले असते. मग आईबाप नाक्यावरच्या दुकानातून गोळ्या आणतात. दुकानदार कात्रीने दोन दिवसांच्या अँटिबायोटिक कापून देतो, ताप उतरला की गोळ्या बंद. पाकिटावर लाल रेघ असते, म्हणजे ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचे नसते, हे दुकानदाराला ठाऊक असते. आईबापांना बोल लावणे मात्र आम्हांला जमत नाही. नाक्यावर उभे राहून काम मिळवणाऱ्याने दवाखान्याच्या रांगेत दिवस घालवला, तर त्या दिवशी चूल कशी पेटणार?

परंतु या अर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेलच्या भाषणातच हा धोका सांगितला होता. टायफॉईडच्या जंतूने तो खरा करून दाखवला. आमच्या लहानपणी क्लोरॅम्फेनिकॉल निकामी होत चालले होते. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिनचाही जोर ओसरला. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबाद शहरात तर २०१६ पासून असा टायफॉईड पसरला की, ज्या इंजेक्शनांवर डॉक्टरांची भिस्त होती, तीही चालेनात. त्याच त्या गोळ्यांनी आपले पोर बरे होणार नसेल, तर रोजंदारीवरच्या बापाने जायचे कुठे?

म्हणून आमचे म्हणणे असे की, ताप आल्यावर गोळी शोधण्यापेक्षा तो येऊच नये याची तजवीज करावी. जो आजार झालाच नाही, त्याला औषध लागत नाही. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, आम्हांला हा हिशेब चटकन कळतो.

टायफॉईड येतो पाण्यातून आणि अन्नातून. वस्तीतल्या तरुणांना घेऊन आम्ही नळाच्या लाइनी पाहत फिरलो. कितीतरी घरांच्या लाइनी गटारातूनच गेलेल्या. पाणी येते तासभर. उरलेले तेवीस तास पाइप रिकामा. त्यात कुठे सांधा गळका असेल, तर गटाराचे पाणी आत झिरपते. वर घरोघरी मोटार लावलेली! मोटार पाणी खेचते, तशी घाणही खेचते. एकाने मोटार लावली की शेजाऱ्याला लावावीच लागते, नाहीतर त्याचा हंडा भरत नाही. हे भांडण आम्ही अजून मिटवू शकलेलो नाही. लाइन गटाराबाहेर काढण्यासाठी दोनशे सह्यांचा अर्ज दिला आहे, तो साहेबांच्या टेबलावर आहे.

तोवर घरात काय करता येईल? पाणी आल्यावर पहिली बादली लादी धुवायला वापरा. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पिण्याचे पाणी खळखळ उकळूनच घ्या. गॅस परवडत नसेल, तर निदान लहान मुलांपुरते उकळा आणि बाकीच्यात क्लोरीनचे द्रावण घाला. पिंपात हात किंवा तांब्या बुडवू नका, लांब दांड्याचे ओगराळे ठेवा. संडासाहून आल्यावर आणि भाकरी थापण्यापूर्वी हात साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने नव्हे. साध्या सर्दीपडशाला अँटिबायोटिक मागू नका, ते सर्दीवर चालतच नाही.

टायफॉईडची लसही आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना ती देण्याची मोहीम सुरू केली होती. पाकिस्ताननेही २०१९ पासून ती सरकारी लसीकरणात घेतली. मग आमच्या मुलांना ती का मिळू नये? हा प्रश्न आम्ही दुसऱ्या अर्जात लिहिला आहे. त्यावर महिला मंडळाच्या सह्या घेणे चालू आहे. ज्या भगिनींची राहिली असेल, त्यांनी रविवारी सकाळी विहारात यावे. येताना मुलांची लसीकरणाची कार्डे आणावीत, म्हणजे कोणाचे कोणते डोस चुकले आहेत तेही पाहता येईल.