निर्जन टेकडीचे दोन खासदार

इंग्लंडच्या इतिहासातले तुमचे आवडते गाव कोणते, असे कुणी मला विचारले तर मी ओल्ड सॅरमचे नाव घेईन. आणि तिथे राहते कोण, असा पुढचा प्रश्न आला तर 'कुणीच नाही' हेच उत्तर द्यावे लागेल. घर नाही, दुकान नाही, चूल नाही. तरीही ही ओसाड टेकडी १८३२ सालापर्यंत ब्रिटिश पार्लमेंटात दोन खासदार पाठवीत होती. आणि त्याच काळी लाखावर वस्ती असलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही खासदार नव्हता!

सॉल्झबरी शहरापासून दोनेक मैलांवर ही टेकडी आहे. मी गेलो तेव्हा तिकीट फाडणारी बाई, तीन-चार प्रवासी आणि वारा एवढीच मंडळी हजर होती. वारा मात्र असा की टोपी हातात धरूनच हिंडावे लागले. पूर्वी या टेकडीवर किल्ला होता, देऊळ होते, वस्तीही होती. पण हा वारा, पाण्याचे हाल आणि किल्ल्यावरच्या शिपायांशी रोजची भांडणे यांना पाद्रीबुवा कंटाळले आणि १२२० साली त्यांनी खाली सपाटीवर नव्या कॅथीड्रलचा पाया घातला. तेच आजचे सॉल्झबरी. त्याचा ४०४ फुटी मनोरा टेकडीवरून स्पष्ट दिसतो. देवच खाली उतरला म्हटल्यावर माणसे वर कशाला राहतील? हळूहळू सारे गाव उठून गेले. जुन्या देवळाचे दगडसुद्धा नव्या गावाने नेले. मागे राहिला तो फक्त पार्लमेंटचा हक्क. १२९५ साली इथून प्रथम दोन प्रतिनिधी बोलावले गेले होते. कागदोपत्री गाव होतेच, मग प्रतिनिधी का नकोत?

हा हक्क आपल्याकडच्या वतनासारखा होता, असे म्हटले की मराठी माणसाला चटकन उमगेल. मत माणसाला नव्हते, जमिनीच्या ठरावीक तुकड्यांना होते. तुकडा ज्याच्या नावावर, मत त्याचे. मग सारे तुकडे एकाच धन्याने विकत घेतले की झाले. निवडणूक आली की धनी ते तुकडे आपल्या विश्वासू मंडळींच्या नावावर करून देई. मंडळी शेतात एका झाडाखाली जमत, सांगितलेली दोन नावे घेत आणि काम संपले की कागद मुकाट्याने परत करीत. शेवटी शेवटी असे मतदार अकरा होते, आणि त्यांतला एकही टेकडीवर राहणारा नव्हता.

हे वतन सतराव्या शतकाच्या अखेरीस सॉल्झबरीच्या अर्लकडून, म्हणजे सेसिल घराण्याकडून, एका इसमाने विकत घेतले. त्याचे नाव टॉमस पिट. हा गृहस्थ मूळचा ईस्ट इंडिया कंपनीचा शत्रू. कंपनीची मक्तेदारी धाब्यावर बसवून तो हिंदुस्थानात चोरटा व्यापार करी. कंपनीने त्याला दंड केला, पण गडी आटोपेना. तेव्हा १६९८ मध्ये तिने त्यालाच मद्रासचा गव्हर्नर नेमले! तिथे जामचंद नावाच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करून त्याने गोवळकोंड्याच्या मुलखातला एक प्रचंड हिरा ४८,००० होनांना घेतला. १७१७ साली तो फ्रान्सच्या रीजंटला १,३५,००० पौंडांना विकला गेला. तोच लूव्र संग्रहालयाचा 'रीजंट' हिरा. पिट स्वतः ओल्ड सॅरमतर्फे अनेकदा पार्लमेंटात बसला, त्याचा मुलगा रॉबर्ट बसला. आणि १७३५ मध्ये नातू विल्यम आला. थोरला भाऊ दोन ठिकाणी निवडून आला होता, त्याने ही जागा सोडली आणि धाकट्याला दिली. एखाद्याने आपली उरलेली छत्री भावाला द्यावी, तशी.

हा विल्यम म्हणजेच इंग्लंडचा थोर मुत्सद्दी, अर्ल ऑफ चॅटम. आणि इथेच पंचाईत होते. सडक्या मतदारसंघांचे वकील नेमके त्याच्याकडे बोट दाखवीत. पैसा नसलेल्या हुशार तरुणाला पार्लमेंटात शिरायला ही मागची दारे हवीतच, असे ते म्हणत. युक्तिवाद वरवर खोटा नाही. पण मला तो कधी पटला नाही. दार मागचे असले की किल्लीवाल्याची मर्जी राखावी लागते. आणि हुशार माणूस आत गेला याचा गवगवा होतो, त्याच दाराने किती शुंभ गेले याची गणती कुणी ठेवीत नाही. खुद्द चॅटमनेच १७६६ मध्ये हा राज्यघटनेचा सडका भाग आहे, तो शतकभरही टिकणार नाही, असे भर सभेत सांगितले. त्याचा मुलगा, धाकटा पिट, हाही अशाच एका खिशातल्या जागेवरून आला, आणि १७८५ मध्ये पंतप्रधान असताना छत्तीस सडके मतदारसंघ धन्यांना भरपाई देऊन बंद करण्याची सूचना त्याने मांडली. ती २४८ विरुद्ध १७४ मतांनी पडली. भरपाई! वतन खालसा करायचे तर मोबदला हवाच.

१८०२ मध्ये पिटांच्या वंशजाने ओल्ड सॅरम विकले. घेणारा कोण? अर्ल ऑफ कॅलेडन. त्याचा बाप मद्रास आणि बंगालमध्ये कंपनीच्या नोकरीत गबर होऊन परतला होता. या अर्लचे पाळण्यातले नाव ड्यू प्रे. ते मद्रासच्याच एका गव्हर्नराचे आडनाव! म्हणजे या टेकडीच्या एका टोकाला मद्रासचा पैसा आणि दुसऱ्या टोकालाही मद्रासचाच. ज्या रयतेच्या आणि विणकरांच्या घामावर ही संपत्ती जमली, त्यांना मत कुठले? पण त्यांच्या जिवावर वेस्टमिन्स्टरमध्ये मते पडत होती. इंग्रज इतिहासकार ओल्ड सॅरमची गंमत रंगवून सांगतात. हा भाग मात्र तळटीपेत जातो.

१८३१ मध्ये सुधारणेचे बिल कॉमन्समध्ये दुसऱ्या वाचनात ३०२ विरुद्ध ३०१ असे एका मताने तरले. पुढे वर्षभर रणे माजली, आणि ७ जून १८३२ रोजी कायदा झाला. छप्पन्न मतदारसंघ पुरते नष्ट झाले. त्यांत ओल्ड सॅरम होते. त्याच कायद्याने लंडनमध्ये फिन्सबरी नावाचा नवा मतदारसंघ जन्मला.

फिन्सबरीचे पुढे तुकडे झाले, आणि त्यांतल्या सेंट्रल फिन्सबरीतून १८९२ मध्ये मुंबईचे दादाभाई नौरोजी उभे राहिले. आधी १८८६ मध्ये हॉबर्नला ते पडले होते. त्यावर १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी एडिंबरोच्या भाषणात म्हणाले होते की, इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याइतके पुढे गेले असतील असे आपल्याला वाटत नाही. हे सॉल्झबरी म्हणजे ओल्ड सॅरम विकणाऱ्या त्याच सेसिल घराण्याचे वंशज. आणि स्वतः १८५३ मध्ये नातलगाच्या खिशातल्या स्टॅमफर्डमधून बिनविरोध आलेले! दादाभाईंना खिशातली जागा कोण देणार? ते गल्लोगल्ली, सभांतून हिंडले. पहिल्या मोजणीत तीन मतांनी पुढे होते, फेरमोजणीत पाच ठरली. नौरोजी हे नाव इंग्रजांच्या जिभेवर नीट बसेना. तेव्हा थट्टेखोरांनी त्यांना 'नॅरो मेजॉरिटी' म्हणायला सुरुवात केली.