फाटका स्वर

गेल्या दिवाळीच्या सुटींत मीं माझ्या गिटारीसाठीं, स्वर मोठा करणारें एक लहानसें पेडल घरींच तयार केलें. परंतु तार छेडतांच स्वर मोठा होण्याऐवजीं फाटूं लागला. आदल्या दिवशीं धाकट्या भावानें त्यास हात लावला होता. मीं सर्व दोष त्याच्या माथीं मारून त्यास रडविलें.

वडिलांनीं मात्र शांतपणें मीटर पुढें ठेविला. "आधीं मोज, मग बोल," एवढेंच ते म्हणाले. बॅटरी ९ व्होल्टांची होती. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर सुमारें ४.५ व्होल्ट हवे होते. तेव्हांच स्वरलहरीस वर व खालीं सारखी जागा मिळते. तेथें १ व्होल्टहि नव्हता! त्यामुळें लहरीची एक बाजू चेपली जात होती. कलेक्टरचा रेझिस्टर न्याहाळला, तों तिसरा पट्टा नारिंगीऐवजीं पिवळा निघाला. १० हजारांच्या जागीं १ लाख ओहम! रात्रीच्या मंद उजेडांत तो मींच जोडला होता.

रेझिस्टर बदलतांच स्वर निर्मळ झाला. पण तो कोणास ऐकविण्याआधीं मीं धाकट्याची क्षमा मागितली. मग पहिली तार त्यानेंच छेडली.