पाण्याकडं निघालेली बॅग

कोल्हापूरची नदी समुद्राकडं पाठ करून वाहते. गगनबावड्याच्या कड्यावर उभं राहिलं की पायाखाली कोकण पसरलेलं दिसतं, पण त्याच कड्यामागं पडलेला पाऊस कुंभीतून पंचगंगेत येतो, नरसोबावाडीला कृष्णेत शिरतो आणि कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून हंसलदिवीला बंगालच्या उपसागराला मिळतो. शेजारचा समुद्र सोडून हजार किलोमीटरहून जास्त वाट तुडवत लांबच्या समुद्राला.

नातीला हे नकाशावर दाखवलं, तर ती म्हणाली, "आज्जी, मग आपली नदी वाट चुकली काय?" पहिलीतल्या पोरीला घाटमाथ्याचा उतार कसा सांगायचा? "तिला लांबचा समुद्र आवडतो," म्हणाले. "मलापण. मीपण लांबच्याच समुद्राला जातो." आमच्याकडं पोरी अशाच बोलतात, येतो-जातो. सूनबाई पुण्याची. "जाते म्हण," असं ती दर वेळी बजावते आणि दर वेळी हरते.

पोरीचा लांबचा समुद्र म्हणजे मॉरिशस. मे महिन्याच्या सुट्टीत मुलगा, सून आणि ती, तिघंच. माझे गुडघे घरी राहायच्या बाजूचे. पण पोरीची बॅग भरायचं काम माझ्याकडं आलं, कारण या घरात बॅग भरण्याचा माझ्याइतका सराव कुणालाच नाही.

तो सराव पुराचा आहे. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. नदी फुगली की तिचं पाणी जयंती नाल्यातून मागं चढत येतं आणि मग आम्ही राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचांत विचारत रात्र काढतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले अशी बातमी आली की माळ्यावरची बॅग खाली उतरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ही पोर अंगावर पीत होती. पुणे-बेंगळुरू महामार्ग कितीतरी दिवस पाण्याखाली होता. दोन वर्षांनी जुलैत पुन्हा तेच, आणि थोडं जास्तच.

त्या बॅगेत काय जायचं हे मला झोपेतही सांगता येईल. रेशनकार्ड, पासबुकं, घराची कागदं, सगळं प्लास्टिकच्या दोन-दोन पिशव्यांत. दागिने. तापाचं औषध. जुन्या साड्यांची दुपटी. बॅटरी, मेणबत्त्या, काडेपेटी. फ्रिज टेबलावर, गाद्या माळ्यावर आणि गॅसचं सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीनं बांधून, म्हणजे तरंगत दुसऱ्याच्या दारात जात नाही. दहा मिनिटांत सगळं उरकतं. त्या वेळी घरात कुणाचं कुणाशी भांडण होत नाही हेही एक विशेष.

पाणी आलं की बॅग भरायची आणि पाण्यापासून लांब जायचं, हेच आमच्या घराला ठाऊक. पाण्याजवळ जायचं म्हणून, तेही हौसेनं, पैसे मोजून, आठ-आठ दिवस आधीपासून बॅग भरायची, हा प्रकार माझ्या हातांना नवाच होता. हात आपले जुन्या रस्त्यानं गेले. सूनबाईनं बॅग उघडली, मेणबत्त्या आणि काडेपेटी बाहेर काढली आणि काही न बोलता मोबाईलवरची यादी माझ्यापुढं धरली.

गणपतीपुळ्याला गेलो होतो तेव्हा यादी नव्हती. आंबा घाट उतरायचा, धपाट्यांचा डबा, जुने कपडे, एक टॉवेल तिघांत. पोरगी गुडघाभर पाण्यात उभी आणि तिचा दंड बापाच्या मुठीत. तिथला समुद्र ओढ लावणारा, किनाऱ्यावर सूचनांच्या पाट्या. सूर्य बुडाला की बटाटेवडा खाऊन परत. ती सहल होती. ही 'हॉलिडे' आहे, आणि हॉलिडेला यादी लागते.

यादीत पहिला पासपोर्ट. पूर्वी त्यासाठी पुणं गाठावं लागायचं, आता कोल्हापुरातच काम होतं. लहान मुलांसाठी आईबाप दोघांच्या सह्यांचं पत्र लागतं आणि पासपोर्ट मिळतो पाच वर्षांचा. बरोबरच आहे. पाच वर्षांनी त्या फोटोवरून पोर ओळखायची कुणी?

दुसरा मुद्दा हवेचा, आणि तिथं मी जिंकले. मे म्हणजे उन्हाळा, असं धरून सूनबाईनं सगळे बिनबाह्यांचे झगे काढले होते. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली. आपल्याकडं वैशाख वणवा असतो तेव्हा तिथं थंडी सुरू होते. फार कडाक्याची नाही, पण संध्याकाळी समुद्रावरचा वारा पोराच्या छातीत बसेल एवढी. स्वेटर गेला. कानटोपी मात्र परत आली.

मग ऊन अडवायचं क्रीम. मी खोबरेल पुढं केलं. पोराच्या अंगाला तेलासारखं दुसरं काही नाही, ही माझी ठाम समजूत. सूनबाईचं म्हणणं, तेलानं ऊन अडत नाही, उलट पोर भाजून निघेल. क्रीम पाण्यात जायच्या आधी अर्धा तास लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. तेही वाटेल ते चालत नाही. काही क्रीममधली ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं प्रवाळाला मारतात, म्हणून हवाई बेटांनी २०२१ पासून त्यांची विक्री बंद केली आणि थायलंडनंही त्याच वर्षी आपल्या सागरी उद्यानांत त्यांना मनाई केली. सूनबाई राजारामपुरीतल्या दुकानात उभी राहून बाटल्यांच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचत होती आणि दुकानदार माझ्याकडं बघत होता. पण मला ते आवडलं. पोराच्या कातडीबरोबर समुद्राच्या जिवाचाही विचार करणारी ही पहिलीच खरेदी मी पाहिली.

प्रवाळाचा दुसरा परिणाम चपलांवर झाला. मॉरिशसभोवती प्रवाळाचं कडं आहे. लाटा त्यावर बाहेरच फुटतात आणि आत उथळ, शांत पाणी राहतं. लहान मुलांना म्हणूनच तो समुद्र बरा. पण तळाला तुटलेल्या प्रवाळाची धार असते, काटेरी सागरी प्राणी असतात, पाय अनवाणी टाकायचा नाही. पोरीला न्यायची होती पापाची तिकटीवरून दिवाळीला घेतलेली कोल्हापुरी, लाल गोंडा असलेली. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालेली, २०२५ ला मिलानच्या फॅशन शोपर्यंत नाव न सांगता जाऊन आलेली आमची चप्पल. पण कातडं ते कातडं. खाऱ्या पाण्यात एकदा बुडवलं की वाळल्यावर वाकडं होतं. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट आले. कोल्हापुरी विमानात घालायला मिळाली, ही तडजोड.

खाण्याच्या यादीवर मात्र आमचं खरं युद्ध झालं. मी भडंग, मेतकूट, गूळ, तूप, कांदा-लसूण चटणी आणि खोबऱ्याच्या चार वाट्या काढून ठेवल्या होत्या. पोरीला परक्या ठिकाणी भूक लागली की तूप-मेतकूट-भात. मुलगा म्हणाला, खोबऱ्याची वाटी विमानात चालत नाही. मला वाटलं, थट्टा करतोय. पण खरंच, सुकं खोबरं विमानवाल्यांच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे, आपणहून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांमध्ये; त्यातल्या तेलामुळं. ज्या खोबऱ्यावाचून आमचा रस्सा होत नाही ते दारूगोळ्याच्या पंगतीला बसलेलं पाहून मी गप्प झाले. चटणी हातातल्या पिशवीत नाही, मोठ्या बॅगेत. शंभर मिलिलिटरच्या वरचं पातळ काही हातात न्यायचं नाही. आंब्याची पेटी तर नावच काढू नका. ताजी फळं परवान्याशिवाय तिथं उतरू देत नाहीत. आणि ज्या प्लास्टिकच्या पिशव्यांत मी सगळं दोन-दोनदा बांधलं होतं त्यांवर मॉरिशसमध्ये २०१६ पासून बंदी. पुन्हा सगळं सोडलं आणि जुन्या चादरीच्या पिशव्या शिवून त्यांत भरलं.

परगावचं पाणी बाधतं, या भीतीला मात्र इतिहास आहे. १९०२ ला सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी आमचे शाहू महाराज लंडनला गेले होते. त्याच समारंभाला निघालेल्या जयपूरच्या महाराजांनी चांदीच्या प्रचंड घागरी भरून गंगाजल बोटीवर चढवलं. त्या घागरी आजही जयपूरच्या राजवाड्यात आहेत, एकेकीत चार हजार लिटर मावतं. मी तर फक्त उकळलेल्या पाण्याची एक बाटली देत होते, आणि तीही सुरक्षा तपासणीच्या अलीकडेच ओतून द्यावी लागते म्हणे.

त्याच्याही आधी, १८७० मध्ये, कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज समुद्र ओलांडून युरोपला गेले. राणी व्हिक्टोरियाला भेटले, पाहिलेलं सगळं रोजनिशीत लिहिलं. ती रोजनिशी पुढं लंडनमध्ये छापलीही गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला ३० नोव्हेंबरला ते वारले. वय विसाचं. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला आणि तिथल्या कॅशिने बागेत त्यांचं स्मारक उभं आहे. लहानपणी ही गोष्ट मी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकली. घरातलं कुणी परदेशाला निघालं की ती मला आठवतेच. सुनेला काही सांगितलं नाही. तापाच्या औषधाची आणखी एक बाटली बॅगेत सरकवली.

समुद्रापलीकडं गेलेल्या सगळ्यांनाच रोजनिशी लिहायची सवड नव्हती. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारानं बांधून मजूर नेले गेले, १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या वर. बिहारकडचे बहुतेक, पण मुंबई बंदरातून चढलेले मराठीही होते. रत्नागिरीचे, साताऱ्याचे, आमच्या कोल्हापूरकडचे. पोर्ट लुई बंदरातल्या ज्या पायऱ्या चढून ते आत गेले, तो आप्रवासी घाट आता जागतिक वारसा आहे. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या घरी अजून गणपती बसतो, तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवतात, कोकणातल्या जाखडीची तिथं झाकरी झाली आहे. पोरगी ज्या फ्लिक आं फ्लाक नावाच्या किनाऱ्यावर वाळूत खेळणार, त्याच्या जवळच कास्काव्हेल हे मराठी माणसांचं जुनं गाव आहे. त्या मजुरांच्या गाठोड्यांना कसली यादी असणार? अंबाबाईच्या कुंकवाची पुडी मी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात घातली. तिथं कुणी मराठी बोलणारी बाई भेटली तर द्या म्हणून. यादीत नसलेली ती एकच वस्तू सूनबाईनं काढली नाही.

पोरीनं स्वतः काय भरलं ते पाहण्यासारखं होतं. प्लास्टिकची बादली आणि फावडं आईनं आणलं होतं, ते तिनं बाजूला ठेवलं. शेजारी बंगल्याचं बांधकाम चाललंय, दारात वाळूचा ढीग. त्यात पायावर ओली वाळू थापून, पाय अलगद काढून खोपा करण्यात ती तरबेज. तिला हवी होती गवंडीमामांची थापी. मामांनी दिली असती, पण लोखंडी. विमानात नको म्हटल्यावर पोळपाटाजवळचं माझं उलथणं तिनं मागितलं. लाकडी आहे, गेलं.

राहिली फुगवायची रिंग. गुलाबी, हंसाच्या मानेची, यादीतली सगळ्यांत मोठी वस्तू. तिच्यावर माझा विश्वास नाही, आणि इथं मी कुणाचंच ऐकत नाही. मला पोहता येत नाही. माझ्या लहानपणी पंचगंगेच्या घाटावर पोरं शिवाजी पुलावरून उड्या टाकायची, गावाकडं पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकलली जायची आणि दोन दिवसांत शिकून वर यायची. पोरींनी पायरीवर बसून धुणं धुवायचं. पुढं आयुष्यभर पाणी बघितलं ते बंधाऱ्याच्या फुटांत. ज्या गावानं वीरधवल खाडेसारखा पोहणारा २००८ च्या ऑलिंपिकला पाठवला, त्या गावात दर पुराला गळ्याएवढ्या पाण्यात जीव मुठीत धरून उभ्या असतात त्या बाया, ज्यांना दोन हात मारता येत नाहीत.

म्हणून तिकिटं काढली त्याच आठवड्यात मी पोरीला पोहण्याच्या तलावावर घातलं. पहिले काही दिवस रडली. आता पाठीवर तरंगते, तोंडात गेलेलं पाणी थुंकते आणि काठावर बसलेल्या मला हात करते. "आज्जी, मी बुडत नाही!" सूनबाईला सुट्टी मिळत नाही तेव्हा मी रिक्षानं घेऊन जाते.

बॅग ताणकाट्याला लावली, वजन बसलं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई, तिथून विमान.

तुमच्याही घरातलं लेकरू यंदा समुद्राला निघालं असेल, गोव्याला असो की परदेशाला, तर एवढं करा. बाकी सगळं तिकडं विकत मिळतं. ती फुगवायची रिंग खेळणं आहे, तिच्या भरवशावर मूल पाण्यात सोडू नका, किनाऱ्यावर मोबाईल बघत बसू नका. आणि तिकीट काढायच्या आधी पोहण्याच्या वर्गाची फी भरा, मुलीची तर नक्कीच.