पद्मिनीचं पोट

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एकच वाद होता. पद्मिनी भंगारात द्यायची की नाही? गाडी १९८८ ची, आजोबांची. ते गेल्यापासून दोन वर्षं सदाशिव पेठेतल्या आमच्या बोळात ताडपत्रीखाली उभी. बाबा म्हणाले, "देऊन टाकू." मी म्हटलं, "चालू करून दाखवतो." मेकॅनिकलचा थर्ड इयर, मग काय, हवा तर असणारच!

बॅटरी बदलली आणि गाडी चक्क चालू झाली. टिळक रोडवर मात्र आचके देऊन बंद. मागच्या बसवाल्याने माझ्या खानदानाची चौकशी केली. कार्बोरेटर उघडला तर जेटमध्ये तांबडा चिखल.

नाना पेठेतल्या चाचांनी टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं. वास पेट्रोलचा नाहीच, जुन्या व्हार्निशचा. थोड्या वेळाने बाटलीत दोन थर दिसले. "पाणी धरलंय हिने," चाचा म्हणाले. हेच मी परीक्षेत 'फेज सेपरेशन' म्हणून लिहिलं होतं, पण त्याला असा साधा मराठी शब्द असेल हे गावीही नव्हतं. (कॉन्व्हेंटची कृपा!) देशातल्या पेट्रोलमध्ये २०२२ साली १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून तळाला बसतात आणि तिथला पत्रा गंजतो.

टाकी उतरवली. आत नट आणि व्हिनेगर घालून दोघांनी पाळण्यासारखी हलवली. हात भरून आले. मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवली, कारण ओला पत्रा बघता बघता पुन्हा तांबडा होतो. आत बॅटरी धरली तर तळाच्या तीन भोकांतून उजेड बाहेर!

"गॅस वेल्डिंग मारून घेऊ, रिकामीच तर आहे."

चाचांनी पाना खाली ठेवला. "भरलेली टाकी जळते बाळा, रिकामी फुटते."

मी गप्प. पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि तीसुद्धा हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली तरच. धुतलेल्या टाकीच्या सांध्यांतही तेवढी वाफ उरू शकते. हा आकडा मला परीक्षेत आला होता. मी बरोबर लिहिला होता.

आठवड्याने चाचांनी एका मोडीत काढलेल्या पद्मिनीची धड टाकी मिळवून दिली. पंपावर बाबा सोबत आले, तोंड वाकडं करूनच. सुट्टे पैसे शोधायला त्यांनी समोरचा कप्पा उघडला आणि हाती आली आजोबांची वही. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, तारीख, किलोमीटर, ॲव्हरेज. शेवटच्या ओळीतलं अक्षर थरथरतं होतं.

"ते सगळं काढून टाकलंस?" बाबांनी विचारलं.

"हो. खराब झालं होतं."

ते काही बोलले नाहीत. खिशातलं पेन काढून त्यांनी खालच्या ओळीत तारीख घातली आणि मला म्हणाले, "मीटर किती झालाय, बघ रे."